किल्ल्यावरील चित्रांचे चेहरे

दिवाळी जवळ आली, कीं आटपाडीच्या अंगणांतून दगड, विटा, माती आणि गोणपाट यांची जमवाजमव सुरू होते. मुलें किल्ला बांधतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात, बुरूज उभारतात आणि शेवटीं त्या किल्ल्यावर वस्ती करवितात. सिंहासनावर शिवाजीमहाराज बसतात, तोफेपाशीं मावळे उभे राहतात. पायथ्याशीं गवळण, वाणी आणि शेतकरी यांनाही जागा मिळते. मातीच्या या लहान मूर्तींना मुलें ‘चित्रें’ म्हणतात. तटबंदी कितीही नेटकी असली, तरी पाहणाऱ्याची दृष्टि अखेर या चित्रांच्या चेहऱ्यांवरच स्थिरावते, आणि पुष्कळदां तेथेंच तिची निराशा होते.

या निराशेचें कारण उघड आहे. बाजारांतील स्वस्त चित्रांचे चेहरे बहुधा एकाच गुलाबी रंगांत बुडविलेले असतात. दोन काळे ठिपके म्हणजे डोळे आणि एक तांबडी रेघ म्हणजे ओंठ, एवढ्यावर काम भागविलेलें असतें. असा गुलाबी चेहरा माणदेशाच्या उन्हांत वावरणाऱ्या कोणाचाही नसतो. मेंढरांमागें हिंडणाऱ्या धनगराचा किंवा दिवसभर रानांत राबणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा तांबूस, तपकिरी, रापलेला असतो. महाराजांचा मावळा हाही सह्याद्रीच्या खोऱ्यांतील उन्हापावसांत वाढलेला माणूस होता. तो गोरागुलाबी बाहुला झाला, कीं मुलाच्या मनांत इतिहास ही दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट होऊन बसते. स्वतःच्या आजोबांसारखा दिसणारा मावळा ज्यानें एकदां तटावर उभा केला, त्याला मात्र त्या इतिहासाशीं आपलें नातें निराळें सांगावें लागत नाहीं.

लहान शिपायांचा हा नाद केवळ महाराष्ट्रांतच आहे, असें नाहीं. इंग्लंडांत ‘ब्रिटन्स’ या कारखान्यानें १८९३ सालीं शिशाचे पोकळ शिपाई काढले, आणि १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या विख्यात लेखकानें ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांत अशा शिपायांनिशीं खेळावयाच्या लढाईचे नियम सांगितले. आज पटावरील लढायांत वापरले जाणारे शिपाई पुष्कळदां अवघे २८ मिलिमीटर उंचीचे असतात. त्यांचे चेहरे हुबेहूब रंगविणें ही एक स्वतंत्र कलाच होऊन बसली आहे. तिचे नियम आटपाडीच्या तीन इंची मावळ्यालाही तंतोतंत लागू पडतात.

पहिला नियम साध्या हिशेबानें कळतो. साडेपांच फूट उंचीचा माणूस तीन इंचांत दाखविला, म्हणजे तो बावीस पटींनीं लहान झाला. असें चित्र दोन फुटांवरून पाहणें म्हणजे खऱ्या माणसाला चव्वेचाळीस फुटांवरून पाहणें होय. तितक्या अंतरावरून माणसाच्या पापण्यांचे केस दिसत नाहींत, बुबुळाचा रंगही कळत नाहीं. दिसतो तो भुंवयांखालचा काळोख, नाकाच्या दांड्यावरील उजेड, मिशांचा आकडा आणि हनुवटीखालची सावली. म्हणून लहान चेहरा हुबेहूब करणें म्हणजे त्यांत बारकावे भरणें नव्हे. दुरून जेवढें दिसतें, तेवढेंच निवडून तें ठळकपणें मांडणें होय.

दुसरा नियम उजेडाचा. सांच्यांतून निघालेल्या चित्राचें नाक व गाल फार उथळ असतात. खोलींतील पसरट उजेडांत त्यांची सावली पडते न पडते. जी सावली पडावयास हवी, ती रंगानेंच पाडावी लागते. दिवसाचा प्रकाश वरून येतो, हें एकदां ध्यानांत ठेवलें, म्हणजे कोठें काय द्यावें याचा घोळ राहत नाहीं. कपाळाचा उंचवटा, नाकाचा दांडा, गालांचीं हाडें, खालचा ओंठ व हनुवटी उजळ. पागोट्याखालची कड, डोळ्यांच्या खोबणी, नाकाची खालची बाजू, खालच्या ओंठाखालचा खळगा आणि गळा गडद.

ही युक्ति परदेशांतून आणावी लागली, असें कोणी समजूं नये. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं सांवळ्या चेहऱ्यांना याच रीतीनें उठाव आणला आहे. त्यांच्या नाकावर व हनुवटीवर दिलेला उजळ रंग आजही डोळ्यांत भरतो. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत छटा देण्याच्या क्रियेस ‘वर्तना’ असें नांव असून, तिच्या तीन प्रकारांपैकीं ‘बिंदुज’ हा प्रकार ठिपक्याशेजारीं ठिपका ठेवून साधावयाचा आहे. आटपाडीला तर हा वारसा फारसा दूरचाही नाहीं. हें गांव १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत औंध संस्थानांत होतें, आणि त्या संस्थानाचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधि (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांचा अजिंठ्यावरील ग्रंथ १९३२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांनीं १९३८ सालीं औंधास उभारलेल्या वस्तुसंग्रहालयांत उत्तमोत्तम चित्रें व शिल्पें पाहावयास मिळतात. ज्या मुलाला चेहऱ्यावरील छायाप्रकाश शिकावयाचा आहे, त्यानें दिवाळीपूर्वीं एकदां औंधास जाऊन यावें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. चित्र पुरतें सुकल्यावर त्यावरची धूळ झाडून पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्यावा. हा हात न दिल्यास कोरी माती पुढचे रंग शोषून घेते. नंतर तें चित्र थोड्याशा मेणानें दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर चिकटवावें, म्हणजे चेहऱ्याला बोट न लावतां तें हवें तसें फिरवितां येतें. दोन्ही कोपरें मेजावर टेकून मनगटें एकमेकांस भिडविलीं, कीं हात कांपत नाहीं. कुंचला अगदीं बारीक केसाचा घेण्याचा मोह टाळावा. त्यांत रंग राहत नाहीं आणि तो टोंकाशींच सुकतो. टोंक चांगलें असलेला शून्य किंवा एक नंबरचा कुंचला पुरे.

कातडीच्या रंगासाठीं गेरू, पिवडी आणि थोडा पांढरा एकत्र करावा. हल्लीं घरोघर मिळणारे अॅक्रिलिक रंग असल्यास तपकिरी, पिवळट माती व पांढरा यांचें मिश्रण करावें. हा झाला मूळ रंग. त्यांत आणखी तपकिरी व किंचित् निळा मिसळला, म्हणजे सावलीचा रंग होतो. सावलीसाठीं नुसता काळा मिसळूं नये. त्यानें चेहरा मळकट दिसतो. उजेडासाठीं मूळ रंगांत पिवडी व पांढरा घालावा. नुसता पांढरा घातल्यास चेहऱ्यावर पीठ उडाल्यासारखें होतें. प्रथम सर्व चेहऱ्यास मूळ रंग द्यावा. तो वाळल्यावर सावलीचा रंग पुष्कळ पाणी घालून सोडावा. तो आपोआप खांचांत उतरतो. मग उंचवट्यांवर मूळ रंग पुन्हां आणावा आणि सरतेशेवटीं उजळ रंगाचे दोन-तीनच स्पर्श द्यावेत.

खरी परीक्षा डोळ्यांची. पांढऱ्या वाटोळ्यावर मधोमध काळा ठिपका दिला, कीं मावळा शत्रूला पाहून घाबरल्यासारखा दिसतो. कारण माणसाच्या बुबुळाभोंवतीं चहूंकडे पांढरें दिसतें तें भयाच्या वेळींच. शांत माणसाच्या बुबुळाचा वरचा भाग पापणीखालीं झांकलेला असतो. म्हणून आधीं खोबणींत गडद तपकिरी रंगाची आडवी रेघ काढावी, तिच्या आंत शुभ्र नव्हे तर मळकट पांढऱ्या रंगाची बारीक कणी ठेवावी, आणि तिच्यावर वरच्या पापणीस चिकटून उभी काळी रेघ द्यावी. दोन्ही रेघा किंचित् एकाच बाजूस असल्या, म्हणजे मावळा दूर कोठेंतरी पाहत आहे असें वाटतें. डोळा फार मोठा झाल्यास घाबरण्याचें कारण नाहीं. खालून कातडीच्या रंगाची रेघ ओढून तो लहान करितां येतो.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. पेणच्या गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी सर्वांत कुशल हाताकडे सोंपविली जाते, आणि ते डोळे टपोरे व भक्ताकडे रोखलेले असतात. कारण तेथें देवानें पाहावयाचें असतें. पहाऱ्यावरील मावळ्यानें मात्र पाहणाऱ्याकडे न पाहतां डोंगराकडे पाहिलें पाहिजे. मूर्तीच्या डोळ्यांचें माप त्याला लावल्यास त्याचा बाहुला होतो.

यापुढें प्रत्येकाला निराळेपण द्यावें. हनुवटीवर व गालांच्या खालच्या भागावर निळसर करड्या रंगाचा अगदीं पातळ हात दिला, कीं दोन दिवसांची दाढी दिसूं लागते. ओंठांस तांबडा रंग नको. वरचा ओंठ गडद आणि खालचा थोडा तांबूस एवढें पुरे. म्हाताऱ्याच्या मिशा पांढऱ्या व नाकापासून ओंठांच्या टोंकांपर्यंतच्या सुरकुत्या गडद कराव्या. पागोटें काढून बसलेल्या शेतकऱ्याच्या कपाळावर, जेथें ऊन पोंचलेलें नसतें तेथें, फिकट पट्टा ठेवावा. या गोष्टी पुस्तकांत शोधाव्या लागत नाहींत. बाजारांत, पारावर आणि घरच्या ओसरीवर त्या रोज समोर असतात. मुलानें रंग कालविण्यापूर्वीं आजोबांना घटकाभर समोर बसवून त्यांच्याकडे नीट पाहिलें, तर निम्मे काम झालें.

शेवटची सूचना पणतीची. ती पायथ्याशीं ठेवली, तर उजेड खालून येतो. रंगानें पाडलेली सावली व खरी सावली यांचा विरोध होऊन एवढ्या कष्टानें रंगविलेले चेहरे भेसूर दिसतात. पणती वरच्या बुरुजावर, थोडी एका अंगास ठेवावी. मग सायंकाळीं किल्ला पाहावयास आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तटावरचीं माणसें ओळखीचीं वाटतील, आणि त्यांतील एखाद्या पांढऱ्या मिशांच्या मावळ्यापुढें घरचे आजोबाही क्षणभर थबकतील.