टाइल्स लावण्याआधी पाइपांची परीक्षा घ्या

नव्या बाथरूमचे कौतुक अजून ओसरलेले नसते, तोच एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवतात. त्यांच्या छताला ओल आलेली असते. मग प्लंबर येतो, भिंत ठोकून पाहतो आणि हौसेने निवडलेल्या टाइल्सवरच छिन्नी ठेवतो. पैसा जातो तो जातोच, शेजारधर्मातही कटुता येते.

हे टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे भिंत बंद करण्यापूर्वी पाइपांची प्रेशर टेस्ट करून घेणे.

दाब वाढतो कसा?

गच्चीवरच्या टाकीचे पाणी दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक किलो दाब देते. (म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो.) सर्वांत वरच्या मजल्यावर तो जेमतेम अर्धा किलो असतो. जुने, आतून गंजलेले लोखंडी पाइप तेवढा दाब वर्षानुवर्षे निभावून नेतात. पण शॉवर जोरात यावा म्हणून प्रेशर पंप बसवला की तोच दाब दोन-तीन किलोंवर जातो आणि कमकुवत सांधे ठिबकू लागतात. दोष मात्र नव्या पंपाला दिला जातो!

टेस्ट कशी करतात?

प्लंबरकडे हाताने चालवायचा, मीटर असलेला छोटा पंप असतो. नळांच्या सर्व जागी प्लग लावून लाइन पाण्याने भरतात. सर्वांत उंच जागेचा प्लग सैल करून आतली हवा पूर्ण काढून टाकतात. मग नेहमीच्या दाबाच्या निदान दीडपट दाब देऊन व्हॉल्व्ह बंद करतात. काटा काही तास, शक्य तर रात्रभर, जागचा हलता कामा नये. उन्हातान्हाने तो किंचित हलू शकतो, पण सतत खाली येत असेल तर गळती आहे हे नक्की. मग प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. ओला डाग गुन्हेगार दाखवतो.

हे विसरू नका

* गीझर किंवा सोलरची टाकी टेस्टच्या वेळी लाइनपासून वेगळी ठेवावी. जादा दाब तिला सोसेलच असे नाही.
* प्लास्टिकच्या पाइपांत कॉम्प्रेसरने हवा भरून टेस्ट करू देऊ नका. हवेने पाइप फुटला तर तुकडे उडून इजा होते.
* पाइप चिकटवल्यावर सोल्युशन पूर्ण वाळू द्यावे. त्यासाठी किती वेळ लागतो हे डब्यावर लिहिलेले असते.
* जुन्या लाइनमध्ये दाब हळूहळू वाढवावा. फुटायचीच असेल तर ती टाइल्स लागण्याआधी फुटलेली बरी!
* गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून तो कधीही बंद करू नये. तोच टाकीचा स्फोट टाळतो.

टेस्ट झाली की भिंत बुजवण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी धरून पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे आरसा किंवा टॉवेलचा दांडा लावताना ड्रिल नेमके पाइपात घुसणार नाही.

आणि एक गोष्ट, प्लंबरचा शेवटचा हप्ता काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच द्या. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. उलट आपल्या कामाची पावती मिळाल्याचे समाधान त्यालाही लाभते.