ताफा सोडाल तर विमा जाईल

इंग्लंडहून निघालेला एक व्यापारी ताफा ९ ऑगस्ट १७८० रोजी अटलांटिकमध्ये स्पॅनिश-फ्रेंच आरमाराच्या तावडीत सापडला. ६३ पैकी ५५ जहाजे गेली, नुकसान सुमारे १५ लाख पौंडांचे. संरक्षक तुकडीचा प्रमुख जॉन माउट्रे याने रात्रीच दिवे पाहून दिशा बदलण्याचा इशारा दिला होता, पण बहुतेक व्यापारी जहाजांनी तो मानला नाही. जहाजाची कमान गेली ती मात्र माउट्रेची. लॉइड्सच्या विमेवाल्यांना हा फटका पुढे कित्येक वर्षे विसरता आला नाही.

१७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ताफ्यातल्या कप्तानांवर कायद्याचा बडगा उगारला: युद्धनौकेचा इशारा धुडकावणे किंवा परवानगीविना ताफा सोडणे हा गुन्हा ठरला. १७९८ च्या कायद्याने तर परदेशी निघालेल्या जहाजाला ताफ्याशिवाय बंदर सोडण्याचीच बंदी केली. दंड १ हजार पौंड. लष्करी किंवा आरमारी सामान असेल तर दीड हजार. पण खरा चाप वेगळाच होता. मालकाच्या संमतीने नियम मोडला गेला, तर त्याचा विमा रद्द. दंड एकदा भरून मोकळे होता येते. विम्याविना युद्धकाळी समुद्रावर जाणे म्हणजे सगळे भांडवल डावावर लावणे.

तरीही कप्तान पळत. सगळेच बेफिकीर नव्हते. शिडांच्या ताफ्याची गती सर्वांत मंद जहाजाएवढी, त्यामुळे चपळ जहाजाला शिडे आवरून रेंगाळावे लागे. निघण्याआधी अनुकूल वाऱ्याची आणि संरक्षक नौकेची वाट पाहत बंदरात आठवडेच्या आठवडे जात. खलाशांचा शिधा मात्र रोज संपत असे. शिवाय जमैकाची साखर घेऊन अख्खा ताफा एकदम लंडनला लागला की भाव कोसळत. चार दिवस आधी पोहोचणाऱ्याची चांदी. त्यातच १७९८ पासून या संरक्षणापोटी वेगळा करही द्यावा लागे. नियमाला व्यापाऱ्यांचा विरोध का होता, हे कळायला एवढे पुरे.

मोठ्यांना वाट मोकळी होतीच. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे कायद्यातून वगळली होती. भरपूर तोफा आणि माणसे असलेल्या इतर जहाजांनाही आरमार खात्याकडून एकट्याने जाण्याचा परवाना मिळू शके. हा पक्षपात खराच, पण अगदी बिनबुडाचा नाही. कंपनीची मोठी जहाजे सशस्त्र असत आणि बहुधा एकत्रच निघत.

फेब्रुवारी १८०४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळ, पुलो ऑर बेटाच्या परिसरात, या सवलतीची कसोटी लागली. चीनहून परतणारी कंपनीची १६ जहाजे आणि सोबतची, आशियातच व्यापार करणारी काही जहाजे फ्रेंच अ‍ॅडमिरल लिनुआच्या समोर आली. सोबत राजाच्या आरमाराची एकही युद्धनौका नव्हती. ताफ्याचा प्रमुख नॅथॅनिएल डान्स याने पुढच्या काही जहाजांवर आरमारी निशाण चढवले, रांग धरली, आणि लिनुआ मागे वळल्यावर उलट त्याचाच पाठलाग केला! लिनुआची ७४ तोफांची ‘मारेंगो’ आपल्या साथीदारांसह व्यापारी जहाजांपुढून पळाली.

डान्सला ‘सर’ किताब मिळाला. ५ हजार पौंड त्याला मुंबईच्या बाँबे इन्शुरन्स कंपनीने दिले.