सोळातले पाच गेले कुठे?

चार हार्ड डिस्क. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत छापलंय : ४ टेराबाइट. चारही एका खोक्यात बसवल्या, ‘रेड ५’ नावाच्या पद्धतीने जोडल्या. चार चोक सोळा, हो ना? पण विंडोजच्या पडद्यावर जागा दिसते १०.९! पाच टेराबाइट गेले कुठे?

आधी एक खेळ खेळू. चार चिठ्ठ्या घ्या. तिघींवर लिहा ६, २ आणि ७. चौथीवर त्यांची बेरीज, १५. आता ताईला सांगा, माझी पाठ वळल्यावर कुठलीही एक चिठ्ठी लपव. तिने २ लपवला? पंधरातून सहा आणि सात वजा करा, २ हजर! ६ लपवला असता तरी सापडलाच असता. गणिताचा ताळा करतो ना आपण, तसा हा चौथ्या चिठ्ठीवरचा ताळा.

संगणकाकडे ० आणि १ एवढेच अंक, त्यामुळे त्याचा ताळा आणखी सोपा. तीन डिस्कांवर १, ०, १ असेल तर तो फक्त एक्के मोजतो. दोन, म्हणजे सम, ताळा ०. विषम असते तर ताळा १. मधली डिस्क बंद पडली, की उरतात १, १ आणि ताळा ०. एक्के सम हवेत आणि दोन तर आहेतच, म्हणजे हरवलेला अंक ०! नवी डिस्क बसवली की हेच कोडं ३२ लाख कोटी वेळा सोडवायचं. ४ टेराबाइटच्या डिस्कवर तेवढे अंक मावतात! कित्येक तास लागतात, पण एकही फोटो हरवत नाही.

ताळ्याला एका डिस्कइतकी जागा लागते. म्हणून सोळातून चार वजा, उरले १२. पण सगळे ताळे एकाच डिस्कवर नसतात हं! काहीही लिहिलं की ताळा बदलतो. मग त्या एकीवरच सारखी गर्दी झाली असती. म्हणून पाळीपाळीने प्रत्येकीवर थोडे थोडे.

बारातला उरलेला तुटवडा मोजमापातला. डिस्क बनवणारे हजार-हजारच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. टेरापर्यंत ही पट चारदा घ्यावी लागते, आणि चिमूटभर फरक जवळजवळ दहा टक्क्यांवर जातो. बाराचे दिसतात १०.९. जागा तीच, माप वेगळं.

ही युक्ती १९८८ साली अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त, छोट्या डिस्क वापरा, असं त्यांचं म्हणणं. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून तर राखण हवी. दोन डिस्क एकदम बंद पडल्या तर? त्यासाठी ‘रेड ६’. त्यात ताळे दोन, म्हणून सोळातले उरतात आठ. आणि चारांतली एक डिस्क २ टेराबाइटचीच असेल, तर रेड ५ बाकीच्यांनाही दोनच्याच धरतं. तीन दुणे सहा!

एक मात्र लक्षात ठेवा. ताळा बिघडलेली डिस्क भरून काढतो, तुमची चूक नाही. फोटो तुम्हीच पुसलात, तर ताळाही लगेच बदलतो आणि फोटो गेला तो गेलाच. म्हणून आजीच्या वाढदिवसाच्या फोटोंची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरी ठेवाच.