'पास आउट' नव्हे, 'ग्रॅज्युएट': पदवीविषयक इंग्रजीतील गफलत

'महाविद्यालयातून पास आउट झालो', हे वाक्य भारतात सर्रास ऐकू येते. नोकरीच्या जाहिराती, अर्ज आणि मुलाखती यांतही हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. मात्र, परदेशातील विद्यापीठाकडे अथवा कंपनीकडे अर्ज करताना तो अडचणीचा ठरू शकतो. ब्रिटन आणि अमेरिकेत 'पास आउट' होणे याचा सर्वपरिचित अर्थ शुद्ध हरपणे असा आहे. अतिमद्यपानाने आलेल्या बेशुद्धीसाठीही तेथे हेच शब्द वापरले जातात.

ब्रिटिश इंग्रजीत या शब्दप्रयोगाला आणखी एक अर्थ आहे. परंतु तो प्रामुख्याने लष्करी प्रशिक्षणाशी निगडित आहे. प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणारे छात्र 'पास आउट' होतात आणि त्यांच्या दीक्षान्त संचलनाला 'पासिंग आउट परेड' म्हटले जाते. पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी महिला छात्रांची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा हा शब्द त्याच्या अचूक अर्थाने वापरला गेला. भारतात मात्र तो सर्वच विद्यार्थ्यांना लागू झाला आहे.

विद्यापीठीय शिक्षणासाठी 'ग्रॅज्युएट' हे क्रियापद वापरणे उचित ठरते. उदाहरणार्थ, 'आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम मुंबई युनिव्हर्सिटी इन २०१८'. यातील 'फ्रॉम' वगळू नये. अमेरिकेतील बोलीत ते अनेकदा गाळले जाते. परंतु औपचारिक लेखनात ते सदोष मानले जाते. अमेरिकेत शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांसाठीही हेच क्रियापद योजतात. त्यामुळे पदवीचे नाव आणि विषय यांचा स्पष्ट उल्लेख करणे हिताचे असते.

'मी ग्रॅज्युएशन करत आहे', हे वाक्यही असेच फसवे आहे. 'ग्रॅज्युएशन' म्हणजे पदवी प्राप्त होणे किंवा पदवीदान समारंभ. तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम नव्हे. शिक्षण सुरू असल्यास 'आय अ‍ॅम डूइंग अ डिग्री इन हिस्टरी' असे म्हणावे.

'पास आउट'चा भारतीय अर्थ काही इंग्रजी शब्दकोशांनीही नोंदविला आहे. त्यामुळे त्याला सरसकट चूक ठरवता येणार नाही. देशांतर्गत व्यवहारात त्याने कोणाचा गैरसमजही होत नाही. मात्र, अर्ज वाचणारी व्यक्ती सातासमुद्रापार असेल, तर तिला परिचित असलेला शब्द निवडणेच श्रेयस्कर.