परसबागेतली ओसरी

नोकरीनिमित्त पुण्यामुंबईला राहणाऱ्या वऱ्हाडी माणसाचे गावचे घर म्हणजे दिवाळीची आणि मे महिन्याची हक्काची जागा. चार पैसे गाठीला आले की त्या घराच्या परसात बसायउठायला एखादी टुमदार नवी इमारत असावी असे अनेकांना वाटते. हौस चांगलीच, पण शहरातल्या बागेत पाहिलेला मंडप बुलढाणा जिल्ह्यात जसाच्या तसा उभा केला, तर तो उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात तडकतो आणि शेवटी सरपण ठेवायच्या कामी येतो. तेव्हा नकाशा काढण्याआधी माती, ऊन आणि वारा यांचा कौल घ्यावा.

आधी माती. जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी काळी, कापसाची जमीन आहे. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायाची भिंत तिच्याबरोबर हलते. मोठे घर आपल्या वजनाने थोडा तग धरते. हलकी, लहान इमारत मात्र लवकर उचलली जाते. म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यावा. मुरूम फारच खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी विकसित केलेला उपाय आहे : तळाशी कांद्यासारखे फुगवलेले काँक्रीटचे खांब. ते सुमारे साडेतीन मीटर खोल, ओल फारशी कमीजास्त होत नाही अशा थरापर्यंत नेतात. खांब जोडणारी तुळई मात्र जमिनीला टेकू देऊ नये.

आता ऊन. बुलढाणा सुमारे साडेवीस अक्षांशांवर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे ४६ अंशच वर चढतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो. ओसरी दक्षिणेला उघडी ठेवून वळचण ७ फूट उंचीवर, खांबांच्या ३ फूट पुढे काढली, की थंडीत दुपारचे ऊन साडेतीन फूट आत येऊन आजोबांचे पाय शेकते. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तेच ऊन बाहेर थांबते. मावळतीचे तिरपे ऊन मात्र वळचणीला जुमानत नाही. त्या अंगाला भिंत घालावी आणि तिच्यापलीकडे, पायाला मुळांचा त्रास होणार नाही इतक्या अंतरावर, कडुनिंब लावावा.

छपराच्या बाबतीत आपल्या धाब्याच्या घरांकडून शिकावे. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असल्याने दुपारचा ताप आत यायला संध्याकाळ होते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती घालणे आज सर्वांना जमणार नाही. त्यांनी मंगलोरी कौले घालावीत. पत्राच परवडत असेल, तर त्याखाली वीतभर जागा मोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे अस्तर लावावे. मधल्या जागेतली गरम हवा दोन्ही टोकांनी निघून जाऊ द्यावी.

राहिला वारा. सिंदखेडराजाला चांदणी तलावाच्या मध्यावर तीन मजली इमारत आहे. पाण्यावरून येणाऱ्या झुळकेचे सुख आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक असले पाहिजे! परसात तलाव कुठला आणणार? पण वाऱ्याच्या वाटेवर वाळ्याची ताटी टांगून तिच्यावर पाणी शिंपडता येते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झटकन उडते आणि वारा थंड होतो. वीज गेली तरी यात खंड पडत नाही. पाणी थोडे असेल, तर छपराचे पावसाचे पाणी पन्हळीने हौदात साठवून बागेला वापरावे.

अशी इमारत दिसायला साधी असेल, पण ती खरी आधुनिक. कारण भर एप्रिलमध्ये तिच्यात आजी निवांत डाळ निवडू शकेल आणि नातवंडे पत्ते खेळतील. जागा ठरवायला मोठ्या वास्तुतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी एक करावे. घरातल्या वडीलधाऱ्यांची बाज उन्हाळ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठून कुठे सरकते ते पाहावे. ती जिथे सर्वांत जास्त वेळ टेकते, तिथेच पहिली खुंटी ठोकावी.