परग्रहावरची जात आणि कार्ल्याचे खांब

घरातील मुले टीव्हीवर किंवा मोबाईलवर परग्रहावरच्या मालिका पाहू लागली की ‘वेळ फुकट घालवतात’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेचे जगभरचे चाहते केवळ यानांची आणि शस्त्रांची चर्चा करीत नाहीत. तिच्यातील परग्रहवासीयांचा धर्म कोणता, त्यांचे संस्कार कसे, त्यांचा समाज कोणत्या नियमांवर उभा आहे, यावर ते वर्षानुवर्षे वाद घालीत आले आहेत. क्लिंगॉन या लढवय्या लोकांची भाषा मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने रचली, तिचा शब्दकोश १९८५ साली निघाला आणि चाहते ती शिकलेही!

अर्थात परग्रहाचा धर्म शेवटी पृथ्वीवरच्या माणसानेच लिहिलेला असतो. मालिकेतील स्पॉक बोटे फाकवून जे अभिवादन करतो, ते लेनर्ड निमॉय या ज्यू अभिनेत्याने आपल्या धर्मातील पुरोहितांच्या आशीर्वादाच्या खुणेवरून घेतले होते. इथली चांगली खूण तिकडे जाते, तशी इथली वाईट खोडही जाते. अशीच एक खोड आम्हाला तिथे दिसली. ती म्हणजे जात.

१९९३ ते १९९९ या काळात चाललेल्या ‘डीप स्पेस नाईन’ या मालिकेत बेजोर नावाचा ग्रह आहे. तेथील लोक श्रद्धाळू. धर्माची खूण म्हणून उजव्या कानात कर्णभूषण घालतात, कुळाचे नाव आधी आणि स्वतःचे नंतर लावतात. अवकाशातील एका बोगद्यात राहणाऱ्या शक्तींना ते ‘प्रेषित’ म्हणतात आणि देव मानतात. इतरांच्या मते ते फक्त वेगळ्या प्रकारचे जीव आहेत. या प्रेषितांचा दूत म्हणून बेजोरचे लोक ज्याला मानतात तो सिस्को हा अधिकारी पृथ्वीवरचा, म्हणजे त्यांच्या दृष्टीने परका. ही भूमिका एव्हरी ब्रुक्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली.

फेब्रुवारी १९९६ मध्ये या मालिकेचा ‘अ‍ॅक्सेशन’ हा भाग दाखविला गेला. दोनशे वर्षांपूर्वी हरवलेला अकोरेम नावाचा कवी त्या बोगद्यातून परत येतो आणि खरा दूत मीच, असे सांगतो. सिस्को बाजूला होतो. मग हा कवी घोषणा करतो की, प्रत्येकाने आपापल्या ‘दजारा’कडे परत जावे. दजारा म्हणजे जन्माने ठरलेला धंदा. म्हणजे जातच! परकीय कार्डेशियनांच्या गुलामगिरीत सर्वांनाच लढावे लागले, म्हणून ती मागे पडली होती. स्वातंत्र्यासाठी लढलेली किरा ही शूर स्त्री कलावंतांच्या जातीची. तिला मातीची मूर्ती धड घडविता येत नाही, तरी ‘दूताची इच्छा’ म्हणून ती आपली नोकरी सोडायला निघते. आणि एक धर्मगुरू दुसऱ्या धर्मगुरूला वरच्या मजल्यावरून ढकलून ठार मारतो. मरणाऱ्याचा अपराध काय? तो प्रेतांची व्यवस्था करणाऱ्या जातीत जन्मला होता, आणि धर्मपद सोडायला तयार नव्हता!

मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी जन्माने मारले गेले, त्यांना या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या मंडळींत या भागावर चर्चा झाली. काही जण म्हणाले, याच धर्माने बेजोरच्या लोकांना गुलामगिरीत धीर दिला, हे विसरू नये. हे खरे आहे. पण एका विद्यार्थिनीने मर्मावर बोट ठेवले. ती म्हणाली, “त्यांनी जात विचाराने सोडली नव्हती, अडचणीत सुटली होती. म्हणून एका भाषणाने परत आली.” राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, पण मनातून ती नष्ट करण्याचे काम अजून चालूच आहे, हे आपण रोज पाहतो.

कथेचा शेवट मात्र आम्हाला पटला नाही. सिस्को आणि अकोरेम प्रेषितांपुढे जातात, प्रेषित सिस्कोच्या बाजूने कौल देतात, कवी आपल्या काळात परत जातो आणि जात टळते. पण कौल उलटा पडला असता तर? किराने मान खाली घातली असती काय? समता देवाच्या कौलावर टांगून ठेवली की ती केव्हाही काढून घेता येते. केवळ परंपरा आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालाम सुत्तातील शिकवण इथे आठवते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्म स्वीकारला, तो कोणाच्या कौलाची वाट पाहून नव्हे. त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास होता.

जन्माचा धंदा आणि परका माणूस, या दोन्ही प्रश्नांवर आपल्याजवळ दगडात कोरलेला पुरावा आहे. मळवली स्टेशनवर उतरून कार्ल्याचा डोंगर चढा. प्राचीन नाव वलूरक. येथील सुमारे १२४ फूट लांबीच्या चैत्यगृहात ३७ खांब आहेत आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत. अनेक खांबांवर दात्यांची नावे आहेत. एक खांब धेनुकाकट येथील यवन सिहधय याचा. यवन म्हणजे बाहेरून आलेले लोक. ते ग्रीक असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. दाराच्या कामावर अत्तराचा धंदा करणारा सिंहदत्त आणि सुतार सामी यांची नावे आहेत. भिक्खुणींचीही दाने आहेत. त्या काळी समाजात भेद नव्हता, असे आम्ही म्हणत नाही. पण सुताराने आपला धंदा लपविला नाही आणि संघानेही त्याचे दान नाकारले नाही. परक्याचा खांब इतरांच्याच रांगेत उभा राहिला. डोंगरावर एकविरेच्या दर्शनाला मोठी गर्दी येते. त्यातल्या किती जणांची नजर या अक्षरांकडे वळते?

म्हणून माता-भगिनींना आणि पालकांना आमची विनंती आहे. मुले अशी मालिका पाहत असतील तर बंद करू नका, शेजारी बसा. या लोकांत काम जन्माने ठरते काय? परक्याला जागा आहे काय? आणि चूक वाटल्यास ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे काय? एवढे तीन प्रश्न विचारा. परग्रहाबद्दल उत्तर देता देता मूल आपल्या गल्लीबद्दलही बोलू लागेल. तेव्हा त्याचे शांतपणे ऐकून घ्या.