दहावीची त्रिकोणमिती आणि सोळा इंची तोफ

दीपस्तंभावरून जहाजाचा अवनत कोन अमुक, तर जहाज किती दूर? दहावीतलं हे गणित ब्रिटिश किनारी तोफखाना खऱ्या जहाजांवर सोडवत असे, तेही कागद-पेन्सिलीशिवाय. वॉटकिन या तोफखाना अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यासाठी यंत्र तयार केलं आणि त्या जातीची यंत्रं दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. कड्यावर पक्क्या चौथऱ्यावर दुर्बीण बसवायची, तिच्यातली आडवी रेघ जहाज पाण्याला टेकतं तिथं आणायची आणि अंतर वाचायचं.

गणित सोपं, पण समुद्र एका उंचीवर थांबत नाही. दुर्बीण पाण्यापासून 60 मीटरवर धरली आणि भरतीनं पाणी 2 मीटर चढलं, तर 6 किलोमीटरवरच्या जहाजाचं अंतर 200 मीटरनं चुकतं. म्हणून यंत्रात भरती-ओहोटीची दुरुस्ती करावी लागे. कोनही केवढासा! त्याच उंचीवरून 12 आणि 12.1 किलोमीटरमधला फरक जेमतेम 8 विकला भरतो. त्यात पृथ्वीची गोलाई आणि हवेतून वाकणारा प्रकाश.

या गोलाईनंच पुढे यंत्राची मर्यादा दाखवली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बॅटरी टाउन्सलीच्या सोळा इंची तोफा साडेनऊशे किलोचा गोळा सुमारे 40 किलोमीटरवर टाकत. तेवढ्या अंतरावर जहाजाचा तळ क्षितिजाखाली बुडालेला, दिसणार ते फक्त डोलकाठ्या आणि धुराडी. मग कोन आडवे मोजायचे. किनाऱ्यावर दूरदूरच्या दोन ठाण्यांतून एकाच डोलकाठीवर दुर्बिणी रोखलेल्या. मधलं अंतर आधीच काटेकोर मोजलेलं. ठरावीक सेकंदांनी सगळ्या ठाण्यांत एकदम घंटा वाजे, त्या क्षणाचा कोन फोनवर सांगितला जाई आणि आलेखन कक्षातल्या मोठ्या फळ्यावर दोन पट्ट्या जिथे छेदतील तिथे जहाज. घंटा नसती, तर दोन निरीक्षकांनी दोन वेगळ्या क्षणांचं जहाज टिपलं असतं. मला या सगळ्या जुळणीत खरी हुशारी दिसते ती त्या घंटेत.

तरी नेम जहाजावर धरून चालत नसे. एवढ्या पल्ल्यावर गोळ्याला मिनिटाहून जास्त लागे आणि 30 नॉटनं धावणारी युद्धनौका मिनिटाला सव्वानऊशे मीटर सरकते. म्हणून फळ्यावरच्या लागोपाठच्या खुणांवरून ती पुढे कुठे असेल हे काढून तोफ तिकडे वळवत.

धुक्यात मात्र सगळंच ठप्प. आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उन्हाळा म्हणजे धुकंच! रडार आल्यावर ती अडचण सुटली; दुर्बिणीही पाठोपाठ निवृत्त झाल्या.